वीस मिनिटांचं शवासन: एकतर डोक्यात यादी, नाहीतर थेट झोप

हिरवी_चौकट
नोकरी, दहावीतला मुलगा, सासूबाईंची औषधं. या सगळ्यात दिवसाकाठी वीस मिनिटं माझी असतात. संध्याकाळी साडेसहाला, ऑफिसातून आल्यावर आणि कुकर लावायच्या आधी. तेव्हा गादीवर शवासन करते. मग एकतर उद्याचा डबा, गॅसचा नंबर, क्लासची फी अशी यादी सुरू होते आणि मन रिकामं करायला गेलं की ती आणखी लांबते. नाहीतर गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं जड, चिडचिड. नक्की काय चुकतंय? आणि कामं पडलेली असताना आडवं व्हायचं अपराधी वाटतं, त्याचं काय करायचं?

सतरंजी
आधी गादी सोडा. मऊ गादीत कंबर रुतते, शिवाय अंगाला तिथे झोपायचीच सवय असते. जमिनीवर सतरंजी, वर दुमडलेली चादर, बस्स. उशी नको. डोक्याखाली टॉवेलची दोन बोटं जाड घडी घ्या, हनुवटी कपाळापेक्षा किंचित खाली राहील इतकीच. पायांत दीड फूट अंतर, हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड. अंगावर पातळ चादर घ्याच, कारण स्वस्थ पडलं की अंग गार पडतं आणि गारव्यानं पुन्हा आखडतं.

दुसरं, मन रिकामं करायला जाऊच नका. योगसूत्रांत आसन साधण्याचा उपाय 'प्रयत्नशैथिल्य', म्हणजे प्रयत्न सैल सोडणं, असा सांगितलाय (2.47). हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात शवासनाला आधी 'श्रान्तिहर' (थकवा घालवणारं) आणि मग 'चित्तविश्रान्तिकारक' (मनाला विसावा देणारं) म्हटलंय. क्रम तोच ठेवा, आधी अंग. उजवी टाच चार बोटं उचलून पाय पाच सेकंद ताठ करा आणि एकदम सोडून द्या. मग डावा पाय, मग दोन्ही मुठी, मग खांदे कानांकडे ओढून.

आता जबडा. बहुतेकांचं इथेच अडतं. दाढा एकमेकींवर टेकल्यात का बघा. ओठ मिटलेलेच ठेवून दाढांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट पाडा. टाळूला चिकटलेली जीभ सुटते आणि खालच्या दातांमागे येऊन पडते. बरेचदा त्याच क्षणी एक मोठा श्वास आपसूक येतो. तो आला की अंग सुटायला लागलं म्हणायचं.

मग प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, 27 पासून उलटे. डबा आठवला की मनात एकदाच 'यादी' म्हणा आणि पुढचा आकडा घ्या. आकडा हरवला तर परत 27. दहा वेळा हरवला तरी शवासन बिघडत नाही, विचार येणारच.

दुपारची_डुलकी
झोपेबद्दल. साधारण वीस-तीस मिनिटांनी झोप गाढ व्हायला लागते, आणि फार थकलेलं माणूस त्याच्याही आधी गाढ झोपेत जातं. तिथून उठवलं की डोकं जड होणारच. शिवाय साडेसातला पोळ्या लाटताना जांभया आणि रात्री अकराला डोळे टक्क उघडे.

म्हणून डुलकी दुपारी घ्या, एक ते तीनच्या दरम्यान, वीस मिनिटांचा गजर लावून. ऑफिसात आडवं होता येत नसेल तर उलट बरंच. आयुर्वेदात उन्हाळा सोडून दिवसाची झोप वर्ज्य आहे, पण बसल्या बसल्या घेतलेल्या डुलकीला अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात मुभा आहे. 'आसीनप्रचलायित' असा सुंदर शब्द आहे तिला. खुर्ची भिंतीला लावा, मानेमागे ओढणीची गुंडाळी, पावलं जमिनीवर सपाट.

चहाही बघा. पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. पाचचा कप रात्री दहाला निम्मा शिल्लक असतो.

साडेसहाला तरीही पेंग आलीच तर उजवं कोपर जमिनीवर टेकवून पुढचा हात उभा ठेवा. डोळा लागला की हात पडतो आणि जाग येते.

हिरवी_चौकट
हात उभा ठेवायचं माहीत नव्हतं, धन्यवाद! आणखी एक. डोळे मिटले की कधीकधी छातीत धडधडतं.

कोनाडा
अपराधीपणाचं आधी सांगते. त्याला आडवं झाल्यावर हात घालू नका, दोन मिनिटं आधी घाला. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या (मोबाईल नको, त्यात मेसेज दिसतात) आणि डोक्यातलं सगळं लिहून काढा. प्रत्येकापुढे तीनपैकी एकच शब्द: आज, उद्या, राहू दे. रोज निदान एका कामापुढे 'राहू दे' आलंच पाहिजे. भांडी रात्रभर सिंकमध्ये राहिली तर राहू देत. खरी अडचण इथेच येते, कारण सगळी कामं 'आज'मध्ये कोंबली की कागदाचा उपयोग शून्य.

पडायच्या आधी डाळ-तांदूळ धुऊन भिजत घाला. वीस मिनिटं भिजलेली डाळ लवकर शिजते, म्हणजे तो वेळ स्वयंपाकातलाच धरा. सासूबाईंच्या गोळ्या रविवारी सात कप्प्यांच्या डबीत भरून ठेवल्या की संध्याकाळची गोळी मुलगा देईल. आणि घरात एकदाच स्पष्ट सांगा, दार लोटलेलं असलं की सातपर्यंत हाक मारायची नाही.

सतरंजी
धडधडीसाठी: डोळे मिटायची सक्ती नाही. अर्धे उघडे ठेवून छतावरचा एक ठिपका बघा. श्वास चार अंक आत, सहा अंक बाहेर, जोर न लावता. तरी जमेना तर त्या दिवशी टेबलावर हातांची घडी करून त्यावर कपाळ टेका.

पण आडवं नसतानाही धडधडत असेल किंवा पुरेशी झोप होऊनही थकवा जात नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी12 तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि तो शवासनानं भरून येत नाही. घोरणं आणि दिवसभर पेंग असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दोन आठवडे मन खचलेलंच असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

उठताना थेट उठून बसू नका. कुशीवर वळा, दोन श्वास थांबा, हातानं जमीन रेटून बसा. बीपीची गोळी चालू असेल तर अर्धा मिनिट बसून मगच उभ्या राहा.