कॅमेऱ्यांच्या सूचनेवरून निघालेला ‘ऑर्वेलियन’ हा शब्द

बी-५०२ : आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये कॅमेरे बसवण्याच्या समितीच्या सूचनेवर मी काल ‘हा निर्णय ऑर्वेलियन आहे’ असे इंग्रजीत लिहिले होते. त्याचा अर्थ अनेकांनी विचारला आणि मला तो नीट सांगता आला नाही. काकू, आपण इतकी वर्षे इंग्रजी शिकवलेत, तेव्हा शब्द योग्य वापरला का, ते कृपया सांगावे.

ए-१०३ : विचारलेत ते बरे केलेत. हा शब्द जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या नावावरून आला, पण मुळात ऑर्वेल हे त्यांचे खरे आडनाव नव्हे. त्यांचे नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ चा, बिहारमधील मोतिहारीचा, कारण वडील तेथे इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. १९३३ मध्ये पहिले पुस्तक छापताना त्यांनी ‘जॉर्ज ऑर्वेल’ हे नाव घेतले. ऑर्वेल ही इंग्लंडच्या सफक परगण्यातील नदी आहे, म्हणजे हा शब्द एका नदीवरून लेखकाकडे आणि लेखकावरून भाषेत आला.

त्याला आजचा अर्थ मिळाला तो मुख्यतः १९४९ च्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीमुळे. तीत घराघरांतून माणसांवर नजर ठेवणारे टीव्हीसारखे पडदे आहेत, म्हणून कॅमेरा दिसला की लोकांना हा शब्द आठवतो. पण माझ्या मते नजर हा त्यातला अर्धाच भाग आहे. तेथे युद्ध चालवणाऱ्या खात्याचे नाव शांतता मंत्रालय आहे, छळ करणाऱ्या खात्याचे नाव प्रेम मंत्रालय आहे, आणि नायकाची नोकरी जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर सत्तेच्या सोयीने बदलण्याची आहे. शब्दांचा अर्थ उलटा करायचा आणि कालचे लिहिलेले पुसून टाकायचे, हा त्या विशेषणाचा गाभा आहे. आपल्या समितीने सायकली चोरीला गेल्या म्हणून कॅमेरे बसवत आहोत, असे उघडपणे लिहिले आहे. त्याला विरोध करता येईल, परंतु तो निर्णय ऑर्वेलियन ठरत नाही.

सी-३०४ : मग ‘काफ्काएस्क’ म्हणजे काय? वडिलांच्या पश्चात सदनिका नावावर करताना मला एका कार्यालयात पाच वेळा जावे लागले, तेव्हा माझ्या भावाने परदेशातून हाच शब्द लिहून पाठवला होता.

ए-१०३ : नुसत्या खेपा पडल्या म्हणून हा शब्द वापरू नये; तो साधा विलंब झाला. तो फ्रान्ट्स काफ्का या लेखकाच्या नावावरून आला. ते कायद्याचे पदवीधर होते आणि १९०८ पासून १९२२ पर्यंत प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत नोकरीला होते, म्हणजे कागदांचा प्रवास त्यांनी आतून पाहिला होता. १९२४ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी ‘द ट्रायल’ ही त्यांची कादंबरी मूळ जर्मनमध्ये छापून आली. तीत एका माणसाला एके सकाळी अटक होते. गुन्हा कोणता, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि तरीही तो त्या न्यायालयाचे दरवाजे स्वतःहून ठोठावत राहतो. कोणता नियम आडवा येतो आहे हे कोणीच सांगत नाही आणि हळूहळू आपलेच काही चुकले असावे असे वाटू लागते, तेव्हा तो अनुभव काफ्काएस्क.

सी-३०४ : मला तसे वाटू लागले होते, काकू. कोणता कागद कमी आहे, हे पाचव्या खेपेपर्यंत कोणीच सांगितले नव्हते.

ए-१०३ : तर मग आपल्या भावाने शब्द अचूक वापरला.

डी-२०१ : आपण मर्ढेकरी कविता म्हणतो, तेव्हा मर्ढेकरांच्या वळणाची कविता असा अर्थ असतो. इंग्रजीतही तसेच नाही का?

ए-१०३ : काही शब्दांचे तसे आहे. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्यावरून ‘शेव्हियन’ झाला, तो त्यांच्या तिखट, बुद्धिमान शैलीसाठी. ऑर्वेल यांच्या वाट्याला मात्र उलटे आले, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. १९४६ च्या एका निबंधात त्यांनी राजकारणातील धूसर, फसव्या इंग्रजीवर कडक टीका केली. स्वतः ते स्वच्छ, सरळ गद्य लिहीत. आज त्यांचेच नाव त्या फसवेगिरीला चिकटले आहे. निदान आपण तरी ते कोणत्याही नावडत्या नियमाला लावू नये.

बी-५०२ : मी तो शब्द मागे घेतो. माझा आक्षेप आता सरळ लिहितो : कॅमेऱ्यांतील चित्रण किती दिवस ठेवले जाईल आणि ते कोणाला पाहता येईल, हे समितीने कॅमेरे बसवण्यापूर्वी लेखी कळवावे.