राडारोडा फक्त भरावालाच?

काही जण म्हणतात की पाडलेल्या इमारतीचा राडारोडा फक्त भरावाला टाकायच्या लायकीचा. हे पटत नाही. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी एम२५ पर्यंतच्या (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्के, बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम१५ खालच्या कमी ताकदीच्या (लीन) काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के वापरता येते. फक्त त्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, म्हणून ती पाणी जास्त पिते. आधी भिजवून घेतली नाही तर मिक्स कोरडं पडतं.

खरी अडचण पाडकामात आहे. जेसीबी लावला की वीट, पीओपी, फरशी, प्लास्टिक सगळ्याचा एकच ढीग होतो. त्यात पीओपी तर फार वाईट, कारण त्यातलं सल्फेट नव्या काँक्रीटला मारक ठरतं. पीओपीचं सीलिंग आणि पार्टिशन आधी हाताने उतरवून वेगळं ठेवलं तरी पुढचं निम्मं काम सोपं होतं.

आणि जुन्या वाड्यांचं तर विचारूच नका! चुन्यातली वीट थापीच्या कडेने खरवडली की चुना सुटतो, वीट अख्खी हाती येते. सिमेंटमध्ये बांधलेली वीट मात्र सांध्याआधी स्वतःच फुटते. सागवानी तुळया, खांब, दारं यांना तर आजही गिऱ्हाईक आहे. फक्त करवतीला देण्याआधी लपलेले खिळे चुंबकाने शोधून काढा.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास होणार असेल तर पाडकामाच्या करारातच 'माल वेगळा करून काढणे' हे कलम घालायला लावा. नंतर कोणी ऐकत नाही.