शब्दचर्चा : शिस्त, शिक्षा, वळण आणि वर्गातला तक्ता

समितीतली आई

पहिली ते चौथीच्या एका छोट्या शाळेत मी व्यवस्थापन समितीवर आहे. वर्गात मुलांच्या वागण्याबद्दलचा एक तक्ता लावायचं ठरलं आणि समितीतल्या एकांनी मजकूर आणला. मथळा : 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षित वर्तन'. तळाला : 'शिस्तभंग केल्यास शिक्षा करण्यात येईल.' घरी लेकीला वाचून दाखवला. ती पहिलीत आहे आणि हिंदी कार्टून बघून शिकलीय. म्हणाली, "वर्तन म्हणजे बर्तन का? कुणाचं?"

तेव्हा तीन शंका. वर्तन, वर्तणूक, वागणूक यांत नेमका फरक काय? 'शिस्त' मुळात मराठी आहे का? आणि त्या शेवटच्या ओळीचं काय करावं?

खडू-फळा

एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्या जोरावर लिहितो.

'वर्तणूक' हा शब्द शाळेतल्या माणसाला एकाच ठिकाणी भेटतो : शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. 'प्रगती' आणि 'वर्तणूक' हे रकाने, आणि दोन्हींत 'चांगली'. शेकडो दाखले लिहिले, वर्तणुकीपुढे दुसरं काही लिहिल्याचं आठवत नाही. ज्यानं माझ्या सायकलची हवा सोडली त्याचीही चांगली. असं वापरून वापरून तो शब्द गुळगुळीत झाला. 'वर्तन' हा अहवालातला आणि मानसशास्त्राच्या पुस्तकातला. 'गैर' लागल्याशिवाय तो घरात येत नाही.

'वागणूक' जिवंत आहे, आणि तिच्यात एक गंमत आहे. 'त्याची वागणूक चांगली नाही' म्हणजे तो कसा वागतो ते. 'आम्हाला चांगली वागणूक मिळाली नाही' म्हणजे दुसरे आमच्याशी कसे वागले ते. एकच शब्द, दोन्ही बाजूंनी. मुलाची वागणूक आणि मुलाला मिळणारी वागणूक. तक्त्यावर शब्द हवाच असेल तर हा घ्या, पण मग दुसरी बाजूही लिहावी लागेल.

इंदूरकर

'शिक्षा'वरून आमच्याकडचा जुना विनोद. सुट्टीत पुण्याचा मावसभाऊ यायचा. रिक्षातून जाताना 'शिक्षा विभाग' अशी पाटी दिसली की विचारायचा, "इथे किती वर्षांची देतात?" दरवर्षी तोच विनोद, आणि आम्ही दरवर्षी हसायचो.

आम्हाला मात्र खरंच त्रास व्हायचा. घरी आजी म्हणायची, "शिक्षा करीन." शाळेत फळ्यावर सुविचार : 'शिक्षा सबसे बड़ा धन है.' पहिली दोन वर्षं मला वाटत होतं की हिंदीवाले फारच सोशिक लोक आहेत.

सीमेवरून

एकट्या मराठीलाच नावं ठेवू नका. मी अक्कलकोटचा. कन्नडमध्ये 'शिक्षे' म्हणजे आपलीच शिक्षा आणि 'शिक्षण' म्हणजे शिक्षण. तेलुगूतही 'शिक्ष' म्हणजे दंड. म्हणजे हा अर्थ सोलापूरच्या खाली बराच दूरवर पसरलाय, वेगळी वाट हिंदीची. गोव्यातल्या मित्राच्या कोंकणीत 'ख्यास्त' आहे, तिथे हा घोळच नाही.

कोशवाचक

संस्कृत धातुपाठात 'शिक्ष विद्योपादाने' आहे, म्हणजे विद्या मिळवणे. सहा वेदांगांतलं पहिलं 'शिक्षा', ते उच्चारशास्त्र. तैत्तिरीय उपनिषदाची पहिली वल्ली शीक्षावल्ली, तिथेही शीक्षेची व्याख्या वर्ण, स्वर, मात्रा अशीच सुरू होते. छडी कुठे नाही.

मग मराठीत असं का झालं? मला हे फार आश्चर्याचं वाटत नाही. 'शिकवणे' हे क्रियापद बघा. 'त्याला चांगला धडा शिकवला', 'थांब, शिकवतेच तुला'. यात कुठलं पुस्तक असतं? शिकवणारा आणि मारणारा हात पिढ्यान् पिढ्या एकच असेल, तर शब्दांनी वेगळं कशाला राहायचं? मग मराठीनं 'शिक्षण' बाजूला काढलं आणि 'शिक्षा' पंतोजींकडे राहू दिली.

शिस्तीचा प्रश्न जास्त मजेदार आहे. हा फारसीतून आलाय. जुन्या वापरात शिस्त म्हणजे नेम, बंदुकीचा. 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. उर्दूत 'शिस्त बाँधना' अजून त्याच अर्थाने आहे. मागे गेलं तर फारसी 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज दोरी ओढताना अंगठ्यात घालतो ती कडीसुद्धा. अंगठ्यावरून कडी, कडीवरून नेम, नेमावरून रांगेत नीट उभं राहणं.

खडू-फळा

आणि आम्ही मुलांना शिस्त लावायला काय करायला लावायचो? अंगठे धरायला!

कोशवाचक

ते पायाचे. योगायोग आहे, व्युत्पत्ती म्हणून कुणाला सांगू नका.

मधली सुट्टी

मी तर 'शिष्ट' वरून 'शिस्त' असं शिकले होते. शास्, शासन, शिष्य, शिष्ट, शिस्त. इतकं सरळ असताना तिरंदाज कशाला?

कोशवाचक

सरळ दिसतं म्हणूनच सांभाळून. शिष्ट हे विशेषण, माणसाला लावायचं. शिस्त हे स्त्रीलिंगी नाम, 'लावायचं' किंवा 'धरायचं'. उलट शब्द 'अशिस्त' झाला नाही, 'बेशिस्त' झाला. 'बे' फारसी घराण्यातून येतो : बेजबाबदार, बेदरकार. हा काही पक्का पुरावा नव्हे, 'बे' आपण कशालाही जोडतो. पण नेमाचा जुना अर्थ 'शिष्ट'मधून निघत नाही, ते महत्त्वाचं.

शास् धातूचा खरा वारस 'अनुशासन'. पतंजलीचं महाभाष्य 'अथ शब्दानुशासनम्' असं सुरू होतं, योगसूत्रं 'अथ योगानुशासनम्' अशी. तिथे अर्थ रीतसर सांगणे, समजावणे. आणीबाणीत 'अनुशासन पर्व' गाजलं, तेव्हा विनोबांनी पुढे फरक केला होता : सत्ताधाऱ्यांचं ते शासन, आचार्यांचं ते अनुशासन. पवनारच्या विनोबांनीच तो शब्द वापरला, तरी मराठी शाळेत तो रुजला नाही. आपल्याकडे शिस्तच.

कोल्हापुरी

शिस्तीचं खरं राज्य आमच्याकडं. "शिस्तीत ये" म्हणजे सावकाश ये. "शिस्तीत सांगालोय" म्हणजे अजून हात उचलला नाही, पण पुढचं सांगता येत नाही. "काम शिस्तीत झालं" म्हणजे बिनबोभाट. एवढे अर्थ असल्यावर पहिलीतल्या पोरानं 'शिस्तभंग' वाचून काय समजायचं?

चौथी ब

सध्या वर्ग चालवते, म्हणून त्या शेवटच्या ओळीबद्दल. 'शिक्षा करण्यात येईल' असं भिंतीवर लिहिणं आधी कायद्यात बसवून दाखवा. शिक्षणहक्क कायदा २००९चा, लागू १ एप्रिल २०१०पासून. त्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केलीय. बाकावर उभं करणं, कोंबडा, उठाबशा, बोटांत पेन्सिल धरून दाबणं, सगळं गेलं. निदान कागदावरून गेलं. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांनीच हा मजकूर आणावा याची गंमत वाटते. माझ्याकडेही पालक येतात आणि सांगतात, "बाई, दोन ठेवून द्या, आमचं काही म्हणणं नाही."

छडी गेली तरी तिची क्रियापदं राहिली. मार खातात, छड्या खातात, बोलणी खातात. मराठी मूल शाळेत डब्यापेक्षा हेच जास्त खात असावं. मोठी माणसं मात्र 'दम भरतात', 'कान उघडतात', 'तंबी देतात'. तंबी मूळ अरबी, सावध करणे. ताकीदही तिकडचीच.

मला सगळ्यांत डाचतो तो 'समज देणे'. समज द्यायची म्हणजे खरं तर समजून सांगायचं. पण 'मुख्याध्यापकांनी समज दिली' असं वाचलं की मूल रडत बाहेर आलं असणार हे आपल्याला न सांगता कळतं. पोलीससुद्धा समज देऊन सोडतात.

समितीतली आई

शिक्षा गेली, शिस्त लंगडी झाली. 'वळण' कसं वाटतं? 'आपल्या शाळेचं वळण' असा मथळा? आपलाच शब्द, ऐकायला मऊ.

खडू-फळा

मला आवडला. अक्षराला वळण असतं आणि मुलालाही. दोन्ही एका दिवसात येत नाही, रोज गिरवावं लागतं. शिवाय वळण 'लागतं'. शिस्त मोडता येते, लगेच दिसते. वळण लागलं की लागलं, अंगवळणी पडतं. शिस्तीत बाहेरचा नेम आहे, वळणात हाताची सवय.

मधली सुट्टी

थांबा, इतका मऊ नाहीये तो. 'मुलीच्या जातीला वळण हवं' हे वाक्य किती जणींनी ऐकलंय? मुलगा वांड, द्वाड, व्रात्य, खोडकर, मस्तीखोर असतो, आणि हे शब्द म्हणताना आवाजात थोडं कौतुक असतं. मुलगी तेच करते तेव्हा 'वळण नाही', आणि बोट तिच्या आईकडे. माझी आजी 'वळण' म्हणायची तेव्हा मी पाय जवळ घेऊन बसायचे, आजही आपोआप बसते. भिंतीवर तो शब्द नको. वर्गातली अर्धी मुलं तो वेगळा वाचतील.

खडू-फळा

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागे घेतो.

इंदूरकर

'शहाणं'चं काय? लहान मुलाला 'शहाणं बाळ' म्हणतात त्यात अक्कल कुठे असते? ओरडत नाही, ताटात सांडत नाही, झोपायला जातं, म्हणजे शहाणं. 'शहाण्यासारखं बस' ही जगातली सर्वांत थोडक्यात दिलेली वर्तणूक-नियमावली आहे.

चौथी ब

शाळेत 'शहाणा' चालत नाही हो. दहाव्या वर्षी तो उलटतो. "फार शहाणा आहेस", "दीडशहाणा". चौथीच्या वर्गात 'शहाणे' म्हटलं की मागच्या बाकावरून हसू येतं. 'हुशार'ही नको, तो गणितानं बळकावलाय.

माझा अनुभव असा की नामं टाळावीत. सात वर्षांचं मूल नामानं वागत नाही, क्रियापदानं वागतं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' इतकी वर्षं का टिकलं? त्यात एकही भाववाचक नाम नाही. शांतता नाही, संयम नाही. घडी आणि बोट. (दोन्ही एकदम करता येत नाही हा भाग वेगळा. घडी घातली तर बोट कुठून आणणार? मुलं एका हाताची अर्धी घडी करून दुसऱ्याचं बोट लावतात, आणि बोटामागे बोलतात.) आपण ते वाक्य सोडून द्यावं हे बरं, पण त्याची बांधणी उचलावी.

कोल्हापुरी

आणि 'करू नये', 'असावे', 'येईल' हे काढा. भिंतीवरनं कोण बोलतंय ते कळत नाही. 'आपण' घाला. मराठीत 'आपण' आहे, 'आम्ही'हून निराळं, ऐकणाऱ्याला धरून. हिंदीवाल्यांना 'हम' एकच. मिळालंय तर वापरा.

समितीतली आई

काल चौथीच्या मुलांना बसवून त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. मथळा 'आपल्या वर्गात'. खाली :

एक जण बोलतो तेव्हा आपण ऐकतो. आपला धक्का लागला तर थांबून बघतो, कुणाला लागलं का. एकी-दोकीला जाताना विचारत नाही, खूण करून जातो. खिचडीच्या रांगेत मध्ये घुसत नाही. कुणाला टोपणनाव आवडत नसेल तर ते हाक मारायला वापरत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहीत नाही. (ही मॉनिटरनं स्वतः सुचवली. त्याला त्यामुळे मार बसतो म्हणे, बाहेर.)

सातवी ओळ मुलांनी शेवटी घातली : 'बाई टेबलावर डस्टर आपटत नाहीत.' म्हटलं, हीच ती वागणुकीची दुसरी बाजू. बाई हसल्या, हो म्हणाल्या. तक्ता रंगवायला देताना मात्र समितीतल्या एकांनी 'आपटत' खोडून 'आदळत' केलंय, ते जास्त सौम्य आहे म्हणून. आता शेवटची शंका : आपटणे आणि आदळणे यांत फरक आहे का?

खडू-फळा

आहे. दार वाऱ्यानं आदळतं, लाट खडकावर आदळते. पाय रागानं आदळतात हे खरं, आणि आदळआपट जोडीनंच होते. पण डस्टर आपटतात, ठरवून, समोरच्यानं दचकावं म्हणून. मी एकतीस वर्षं आपटला. मुलांचा शब्द परत घाला.