मदत हवी आहे: वरचं दूध चालू असेल तर स्तनपानाचे सहा महिने धरायचे का?

मुलगी साडेचार महिन्यांची. दूध कमी पडतं म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसातून दोनदा पावडरचं दूध देते. वजन छान वाढतंय. अळिवाची खीर, शतावरी, दर तीन तासांनी पंप, सगळं करून झालं. बाटलीत जेमतेम ४० मिली जमतं. २०१५ साली १८ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष वाचला: सहा महिने किंवा जास्त स्तनपान झालेल्या मुलांत ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) धोका १९ टक्के कमी. आजार मुळात दुर्मीळ आहे, हे कळतं. तरी रात्री पाजताना तेच डोक्यात येतं. घरात कुणाला कॅन्सर नाही. पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचंय. कुणी बालरोगतज्ज्ञ असाल तर सांगा: त्या अभ्यासांत वरचं दूध किंवा पंप केलेलं दूध पिणारी मुलंही धरली होती, की निव्वळ अंगावर पिणारीच?