रेस्ट डेला पण डोकं थांबत नाही, काय करू?

पळपुटा: हाफ मॅरेथॉनची तयारी चालूय, आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेतो पण पाय सोफ्यावर आणि डोकं ट्रॅकवर, घड्याळात हार्ट रेट दहादा बघतो आणि दुसऱ्या दिवशी बूट घालायचाच कंटाळा येतो. दुखत तर काहीच नाहीये, मग हे काय?

जुना गोलकीपर: अरे ही सुट्टीच नाही मुळी. घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाक आधी. मी एकदा शेवटच्या मिनिटाला सोपा बॉल सोडला, महिनाभर रात्री तोच बॉल हातातून निसटताना दिसायचा, प्रॅक्टिस वाढवली तर अजूनच बिघडलं.

लेन ३: झोप तुटक, चिडचिड, सकाळचा पल्स रोजच्यापेक्षा सतत जास्त असं असेल तर ओव्हरट्रेनिंग (शरीराला झेपेल त्यापेक्षा जास्त सराव) असू शकतं, डॉक्टरला दाखव. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला टीम फायनल मधेच सोडली कारण हवेत असताना आपण कुठे आहोत तेच तिला कळेना, लोक नको नको ते बोलले. २०२४ ला पॅरिसमध्ये तीन गोल्ड घेतले तिने.

पळपुटा: पल्स जास्तच आहे खरं. घड्याळ काढलं, तरी मनगटाकडे दोनदा बघून झालं 😅