'छोटा' अणुबॉम्ब म्हणजे किती छोटा?

इथे एका दादांनी लिहिलंय, रशियाने युक्रेनवर अणुबॉम्ब टाकलाच तर 'छोटा' टॅक्टिकल, म्हणजे रणांगणापुरता वापरायचा, बॉम्ब टाकेल, जग काही बुडत नाही. काल नागपुरात बर्डीवर तर्री-पोहे खाताना शेजारचे काकाही हेच म्हणाले. माझ्या प्लेटमधली तर्री थंड झाली. अहो, हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकाइतका होता! आजचे कित्येक टॅक्टिकल बॉम्ब त्याहून मोठे आहेत.

मला जास्त भीती गैरसमजाची वाटते. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघातला तणाव टोकाला पोहोचलेला. क्यूबाजवळ समुद्रात बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी. वरून अमेरिकी नौदलाचे इशाऱ्याचे स्फोट, आत जीवघेणा उकाडा, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. युद्ध पेटलंच असं समजून कप्तान अणुटॉर्पेडो सोडायला निघाला होता. आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला थांबवलं. तो त्या दिवशी नेमका त्याच पाणबुडीत होता, एवढंच.