थ्रॉटल बॉडी साफ केली, आता आरपीएम १६००च्या खाली येत नाही. मदत हवी आहे

सांजवेळ
थोडक्यात लिहिते, कारण उद्या पहाटे आईला तपासणीसाठी घेऊन निघायचं आहे. एसी लावून सिग्नलला थांबलं की गाडी थरथरायची, दोनदा बंदही पडली. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप असते तो भाग) कार्बन साचला असेल असं वाचलं, म्हणून आज सकाळी खोलून साफ केली. काजळी खरंच खूप निघाली. परत बसवली, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, पण काटा १६००वर अडकलाय. आधी ७५० असायचा. पहिल्या गिअरला क्लच सोडला की रेस न देता गाडी पळते. काय राहिलं असेल? लवकर सांगा.

पाचवा_गिअर
गाडी पेट्रोल की डिझेल? किती जुनी? थ्रॉटलला ॲक्सिलरेटरची केबल येते की नुसता वायरचा कनेक्टर आहे? कोणता स्प्रे वापरला? बॅटरीची वायर काढली होती का? चेक इंजिनचा दिवा लागलाय का? हे कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

रानवाटा
भाऊ, ही कामं घरी करायची नसतात. मी एकदा केलं होतं आणि शेवटी वर्कशॉपलाच जावं लागलं. दोन दिवस गाडी तिथे. उद्याचा प्रवास दुसऱ्या गाडीने करा.

टाकीफुल्ल
खोलायची गरजच नव्हती. मी दर ५००० किलोमीटरला टाकीत क्लीनर ॲडिटिव्ह टाकतो, आजवर थ्रॉटल बॉडीला हात लावलेला नाही. इंजिन लोण्यासारखं चालतं.

नटबोल्ट
टाकीफुल्ल, टाकीतलं औषध थ्रॉटल बॉडीपर्यंत पोचतच नाही. पेट्रोल इंजेक्टरमधून येतं आणि इंजेक्टर थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला असतो. थ्रॉटलमधून जाते ती नुसती हवा, आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनच्या तळातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेली तेलाची वाफ. काजळी त्या वाफेची असते. तुमची थ्रॉटल बॉडी स्वच्छ असेल तर त्याचं कारण दुसरं आहे.

टाकीफुल्ल
बरं, थ्रॉटलचं सोडा. इनटेक व्हॉल्व्ह तर स्वच्छ राहतात ना?

नटबोल्ट
इंजेक्टर पोर्टमध्ये असेल तर राहतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतच नाही. तिथे तुमच्या ॲडिटिव्हचा व्हॉल्व्हला उपयोग नाही. पण हे सगळं अवांतर झालं, धागाकर्त्यांना उद्या निघायचंय.

सांजवेळ
भाऊ नाही, ताई. पेट्रोल, दहा वर्षं जुनी. केबल नाही, कनेक्टर आहे. स्प्रे भावाच्या बाइकचा कार्ब क्लीनर होता तो वापरला. बॅटरी काढली नव्हती. ती गोल झडप बोटाने उघडी धरून कडा पुसल्या. चेक इंजिनचा दिवा लागलाय, मला वाटलं साफसफाई केल्यावर लागतच असेल. आता प्लीज उपाय सांगा.

पाचवा_गिअर
ताई, दिव्याची गोष्ट पहिल्याच ओळीत हवी होती.
बोटाने झडप उघडलीत तेव्हा इग्निशन बंद होतं ना? इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप छोटी मोटर गिअरमधून फिरवते. हे गिअर बऱ्याचदा प्लॅस्टिकचे असतात आणि जोर लावला तर दाता तुटू शकतो. इग्निशन चालू असताना बोट आत असेल तर मोटर अचानक झडप मिटवते, बोटाला इजा होते. आणखी एक विचारतो. करंट नसताना ही झडप पूर्ण मिटत नाही, स्प्रिंग तिला किंचित उघडी ठेवते. ती फट बघून तुम्ही झडप दाबून बंद करायचा प्रयत्न तर केला नाहीत?

सांजवेळ
इग्निशन बंद होतं, चावीसुद्धा घरात होती. दाबली नाही, फक्त हळू उघडली.

धुराडं
कार्ब क्लीनर वापरायला नको होता. काही थ्रॉटल बॉडींच्या आतल्या भिंतीला आणि झडपेच्या कडेला पातळ कोटिंग असतं, कडक सॉल्व्हंटने ते निघतं. मग झडपेच्या कडेने हवा गळते आणि आयडल (रेस न देता असणारा आरपीएम) कायमचा वर राहतो. आता नवीन थ्रॉटल बॉडीच घ्यावी लागेल.

नटबोल्ट
धुराडं, एका सफाईवरून थेट नवीन थ्रॉटल बॉडी? कोटिंगबद्दल बरोबर बोलताय, पुढच्या वेळी थ्रॉटल बॉडीसाठीचाच स्प्रे घ्यावा आणि तोही कापडावर मारून पुसावं. थेट आत फवारला तर शाफ्टच्या बेअरिंगमधून मोटरकडे आणि सेन्सरकडे जातो. पण एकदा पुसल्याने आरपीएम दुप्पट होईल इतकं कोटिंग गेलं असं मला वाटत नाही. सोपं कारण आधी बघा.
काजळीमुळे झडपेभोवतीची फट बारीक होत जाते. आयडल टिकवायला ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) महिनोन् महिने झडप थोडी थोडी जास्त उघडत जातो आणि तेच माप लक्षात ठेवतो. आज तुम्ही फट मोकळी केलीत, ईसीयूला ते माहीत नाही. तो जुन्याच मापाने उघडतोय, हवा जास्त जातेय. त्याला नव्याने शिकवावं लागतं.

मैलाचा_दगड
शिकवणं सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर अर्धा तास काढा, परत लावा, एसी-लाइट बंद ठेवून दहा मिनिटं आयडलवर चालू द्या, रेसला पाय लावू नका. माझ्या दोन्ही गाड्यांत एवढ्याने झालं.

सांजवेळ
हे जमेल. आत्ताच काढते वायर.

तेलकट_हात
ताई, थांबा! बॅटरी अजिबात काढू नका. दिवा लागलाय म्हणजे ईसीयूत बिघाडाचा कोड आहे. बॅटरी काढली की कोड आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो वा कमी करतो ते आकडे) दोन्ही पुसले जाऊ शकतात, मग नेमकं काय बिघडलंय याचा पुरावाच राहणार नाही. कोणाकडे ओबीडीचा (गाडीच्या ईसीयूतले कोड वाचणारा) ब्लूटूथ स्कॅनर मिळेल का?

मैलाचा_दगड
कोड आयडल जास्त असल्याचाच असणार, त्यात वाचायचं काय? उगाच वेळ जातोय. त्यांना पहाटे निघायचंय.

तेलकट_हात
वेळ जातोय म्हणूनच सांगतोय. नुसतं शिकवायचं राहिलं असेल तर इंजिनात येणारी सगळी हवा मोजलेली आहे, फक्त जास्त आहे. मिश्रण ठीक असतं, ट्रिम शून्याच्या आसपास राहतात. पण बसवताना कुठे गळती झाली असेल तर न मोजलेली हवा आत येते आणि ईसीयूला पेट्रोल वाढवावं लागतं. ट्रिम आयडलला बरेच वर जातात आणि २५०० आरपीएमला खाली येतात, कारण तेव्हा एकूण हवेच्या मानाने गळती लहान ठरते. हे दोन आकडे बघितले की भांडण मिटेल. फक्त गाडीत एअर फिल्टरच्या डब्याशेजारी हवा मोजणारा सेन्सर हवा. ज्या गाड्या नुसत्या मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) दाबावरून हवा ठरवतात त्यांत गळती अशी दिसत नाही.

सांजवेळ
डब्याच्या तोंडाशी सेन्सर आहे, पाइप काढताना त्याचा कनेक्टर मीच काढला होता आणि परत लावला. शेजारच्या काकांकडे स्कॅनर आहे. जाऊन येते.

इंजेक्टर७
तोवर एक करा. इंजिन चालू ठेवून थ्रॉटलच्या जोडावर थोडा कार्ब क्लीनर मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच.

तेलकट_हात
इंजेक्टर७, कृपया असं सांगू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेला असताना त्याच्या आसपास ज्वलनशील स्प्रे म्हणजे आग लागायला निमंत्रण. साध्या पाण्याची फवारणीची बाटली पुरते, कनेक्टर वाचवून जोडावर जरा मारायचं. गळती असेल तर पाणी क्षणभर फट अडवतं आणि आरपीएम खाली झुकतो.

इंजेक्टर७
मी कितीदा केलंय, कधी काही झालं नाही. पण मान्य, अनोळखी माणसाला सांगायला नको होतं.

घाटवळण
माझी डिझेल आहे, तिलाही थ्रॉटल आहे आणि काजळीने भरलीय. त्यावरही हेच करायचं का? पिकअप गेलाय. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून टाकावा का?

सांजवेळ
काकांनी वाचून दिलं. दोन कोड आहेत, पी०५०७ आणि पी०१७१. आयडलला लाँग टर्म ट्रिम +२२, काटा २५००वर धरला की +४. आता?

तेलकट_हात
गळती आहे. पी०५०७ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा जास्त, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आणि गळती थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला आहे. फिल्टर ते थ्रॉटल यामधला पाइप गळत असता तर मिश्रण पातळ झालं असतं, पण ती हवाही शेवटी झडपेतूनच जाते, त्यामुळे आयडल एवढा चढला नसता. इंजिन थंड होऊ द्या, मग थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्ड यांच्यामधलं पॅकिंग बघा. तिथे रबरी ओ-रिंग आहे का? मॅनिफोल्डला जाणारी एखादी व्हॅक्यूमची नळी सुटलीय का? ब्रेक बूस्टरची, ब्रीदरची?

नटबोल्ट
तेलकट_हात यांना +१. शिकवण्यावर भर देऊन मी चुकलो, दोन आकड्यांनी चित्रच बदललं. ताई, या वेळी खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह नक्की काढा. कोड वाचून झालेत, आता हरकत नाही.

सांजवेळ
सापडलं! खोबणीत एक काळी रबरी रिंग होती, तिचा एक भाग बाहेर येऊन दोन धातूंमध्ये चिरडला गेलाय. सकाळी साफ करताना ती माझ्या लक्षातच आली नव्हती. कडक झालीय, वाकवली तर बारीक भेगा दिसतात. हीच परत बसवू का? दुकान तासाभरात बंद होईल.

तेलकट_हात
नाही. लगेच नवीन आणा, त्याच गाडीची. जुनीला सिलिकॉन लावून बसवू नका, त्याचे तुकडे आत ओढले जातात. रिंग खोबणीत पूर्ण बसल्याची बोटाने सगळीकडून खात्री करा. बोल्ट आधी हाताने, मग एकेक सोडून समोरासमोरचा, थोडा थोडा आवळा. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असेल तर जोर लावू नका.

सांजवेळ
नवी रिंग बसवली. सुरू केल्यावर काटा ११००. फुसफुस बंद झाली. ती मला सकाळी ऐकू येत होती, पण गाडीचाच आवाज समजले. ११०० चालेल का?

नटबोल्ट
आता शिकवायची पाळी. पद्धत गाडीगणिक वेगळी असते, मॅन्युअलमध्ये दिली असेल तर तीच करा. नसेल तर मैलाचा_दगड यांनी सांगितलं ते करा. इंजिन पूर्ण तापल्यावर बघा, थंड इंजिनचा आयडल तसाही वर असतो.

सांजवेळ
मॅन्युअलमध्ये नव्हती. एसी-लाइट बंद ठेवून दहा मिनिटं चालू ठेवली, मग एसी लावून पाच मिनिटं. काटा ७५०वर आला. एसी लावला की क्षणभर खाली जातो आणि सावरतो, थरथर नाही. काकांनी कोड पुसले, गल्लीत चार फेऱ्या मारल्या, दिवा परत लागला नाही. स्कॅनर काकांनी उद्यासाठी माझ्याकडेच ठेवायला दिलाय. तेलकट_हात, तुम्ही थांबवलं नसतं तर मी बॅटरी काढून बसले असते. मनापासून धन्यवाद, सगळ्यांनाच.

तेलकट_हात
उद्या निघण्याआधी गाडी गरम करून ट्रिम एकदा बघा. शून्याच्या पाच-सात इकडेतिकडे असले तर निर्धास्त जा. कार्ब क्लीनर भावाला परत द्या.

घाटवळण
माझ्या डिझेलचं कोणीतरी सांगा ना.

पाचवा_गिअर
घाटवळण, डिझेलमध्ये ती झडप रेस ठरवत नाही, तिचं काम मुख्यतः ईजीआरला मदत करणं आणि इंजिन बंद करताना झटका न बसू देणं. पिकअप जाण्याची कारणं बरीच असतात. ईजीआर बंद करू नका, तो प्रदूषण रोखण्यासाठी आहे. वेगळा धागा काढा. आणि गाडी किती चाललीय, टर्बोचा आवाज कसा आहे, धूर काळा की पांढरा, हे पहिल्याच ओळीत लिहा.